ग्रामफू–बातल–कुंझुम : ठाणे-नवी मुंबईहून स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी

घोडबंदरचा सारथी

हिमाचलमधल्या स्पितीला गाडी न्यायचा विषय निघाला की दोनच उत्तरं येतात. एक, 'फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली गाडी) नसेल तर विसरा.' दुसरं, 'अहो, तिथले लोक अल्टो चालवतात.' दोन्ही खरी, आणि ठाण्यात बसून रजा टाकायची की नाही ठरवणाऱ्याला दोन्हींचा उपयोग शून्य. म्हणून हा वेगळा धागा.

आधी रस्ता. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे निघायचं. बोगदा ९.०२ किमीचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्याआधी रोहतांग चढून उतरावं लागायचं, त्यासाठी परवाना, त्यात मंगळवारी घाट बंद. आता बोगद्याने गेलात तर रोहतांगचा परवाना लागत नाही. बाहेर पडल्यावर डावीकडे सिस्सू-केलाँग-लेह, उजवीकडे कोकसर. आपण उजवीकडे. कोकसरच्या पुढे ग्रामफूला रोहतांगकडे चढणारा रस्ता सोडून द्यायचा आणि चंद्रा नदी धरायची. छतरू, छोटा दरा, बातल. ग्रामफू ते बातल साधारण ५० किमी. बातलनंतर चढण लागते, कुंझुम ला, म्हणजे कुंझुमची खिंड, साडेचार हजार मीटरच्या वर. पलीकडे लोसर, मग काझा. बातलच्या थोडं पुढे चंद्रताल तलावाचा फाटा फुटतो.

कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. पन्नास किलोमीटरला चार ते पाच तास धरा. काही पट्ट्यांवर रुंदीकरणाची कामं चालतात, त्यामुळे 'मी गेलो तेव्हा असा होता' या वाक्याला एका मोसमापुरताच अर्थ. धोंडे, सैल खडी, मधूनच मऊ धूळ, आणि रस्त्यावरून आडवे वाहणारे नाले. खरी परीक्षा नाल्यांची.

नाल्याचं गणित एवढंच, की वरच्या हिमनद्या दिवसभर वितळतात आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो. पहाटे जिथे घोटाभर पाणी असतं तिथे दुपार कलली की गुडघ्याच्या वर. नुसतं पाणी वाढत नाही, तळातले धोंडेही जागा बदलतात. सकाळी कुणाची गाडी कुठून गेली हे पाहून आखलेली रेघ दुपारी कामाची नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : या रस्त्यावर तुमची गाडी कुठली यापेक्षा तुम्ही छतरूहून किती वाजता निघालात हे जास्त महत्त्वाचं. सकाळी सहाला निघालेली साधी गाडी दुपारी दोनला निघालेल्या फोर बाय फोरपेक्षा सुखात असते.

विचारा काय विचारायचं ते.

ऐरोली नाका

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण शेवटच्या वाक्याशी असहमत. फोर बाय फोरला तुम्ही उगाच खाली खेचताय. लो रेशो (फार हळू पण जोरात चालवणारा जादा गिअर) असला की गाडी क्लच न जाळता धोंड्यावरून रांगत जाते. टू व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे दोनच चाकांना जोर असताना, तीच जागा जोर मारून काढावी लागते आणि खालून आवाज येतो तेव्हा पोटात गोळा येतो तो वेगळाच.

घोडबंदरचा सारथी

@ऐरोली नाका, खाली नाही खेचत. तुम्ही सांगितलंत तेच फोर बाय फोरचं खरं काम : हळू जाता येणं. पण आपल्याकडे ती घेतात ती 'कुठूनही जाता येतं' म्हणून, आणि मग दुपारच्या नाल्यात घालतात. महिंद्राच्या थारची पाण्यात उतरायची मर्यादा कंपनीच्याच कागदावर ६५० मिमी आहे. तीही संथ पाण्याची. धारेला ती मोजपट्टी लागू नाही.

जुना डिझेलवाला

सारथी, मुद्दा बरोबर. मी नौपाड्यातला म्हातारा, बोगदा नव्हता तेव्हा रोहतांगवरून जीप नेलेली. नाला कसा पार करायचा ते कुणी नीट लिहीत नाही, म्हणून लिहितो.

अलीकडे थांबा. खाली उतरा. दोन-तीन गाड्या जाऊ द्या आणि त्यांची चाकं बघा, बोनेट नाही. कुठलं चाक कुठे बसतंय, कुठे उचलतंय. पाणी पसरून वाहतं तिथे ते उथळ असतं. अरुंद आणि गुळगुळीत दिसतं तिथे खोल. दरीच्या बाजूचा काठ पाण्याने पोखरलेला असतो, त्या बाजूला सरकू नका. पायी पाण्यात उतरून खोली बघायचा शहाणपणा वाहत्या थंड पाण्यात करू नये, पाय कधी सुटतो कळत नाही.

मग पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, आणि पलीकडे चाकं कोरडी होईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. मधे गिअर बदलायचा नाही. वेग माणसाच्या भरभर चालीएवढा. फार जोरात घातली तर पाणी बोनेटवरून एअर इनटेकमध्ये जातं, फार हळू घातली तर धोंड्याला अडते.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा : इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चावी मारायची नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, मग बघा. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवा.

कोपरीकर

काका, नमस्कार घ्या. हा प्रतिसाद प्रिंट काढून डॅशबोर्डवर चिकटवणार.

पाणी शिरून इंजिन गेलं तर विमा देतो का?

जुना डिझेलवाला

साध्या पॉलिसीत बहुधा नाही. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं ॲड-ऑन असतं, त्यातही अटी असतात. निघायच्या आधी एजंटला लेखी विचार. फोनवर तो सगळ्याला हो म्हणतो.

उनाड

एवढं घाबरवताय लोकांना. रील बघा, पोरं थेट नदीतून गाडी नेतात.

ऐरोली नाका

@उनाड, डिसेंबर २०२३ मध्ये एकाने ट्रॅफिक चुकवायला लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेली होती. व्हिडिओ फिरला आणि पोलिसांनी चलान फाडलं, साडेतीन हजारांचं. पैसे जाऊ द्या. ते हिवाळ्यातलं पाणी होतं, नदी तेव्हा आटलेली असते. तीच जागा जुलैत बघा.

घोडबंदरचा सारथी

शिवाय रस्ता सोडून कुरणात किंवा पात्रात गाडी घालणं यात कसलं आलंय कौशल्य? तिथे पाऊस जेमतेम, गवत वर्षातले थोडेच महिने वाढतं. चाकांचे चर वर्षानुवर्षं तसेच राहतात. चंद्रतालला गाड्या काठापर्यंत नेऊ देत नाहीत, तंबूही अलीकडेच ठोकायचे असतात, शेवटचा भाग पायी. २००५ पासून चंद्रताल रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आपल्या कारच्या दारातूनच फोटो पाहिजे असेल तर ठाण्यातला उपवन तलाव उत्तम, पार्किंग मिळालं तर.

मोगरा ४३

मी नेरूळहून. गाडी टू व्हील ड्राइव्ह पेट्रोल, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १९० मिमी. बरोबर नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय ६६, बीपीची गोळी चालू. ऑगस्टच्या शेवटी निघायचा विचार. मनालीहून थेट चंद्रताल मुक्काम आणि मग काझा असं टूरवाल्यांच्या वेळापत्रकात दिसतं, तसंच करावं का?

डॉ खारघर

ताई, तसं करू नका. मनाली साधारण २००० मीटर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या वर. एका दिवसात दुपटीहून जास्त उंचीवर जाऊन तिथेच झोपायचं, हे तरण्या माणसालाही जड जातं. अंगठेनियम असा, की ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलात तर चालतं, झोपायची उंची मोजायची.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत विश्रांती घ्या, वर चढू नका. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं की रात्र असली तरी खाली उतरायचं. आणि चंद्रतालची गोची हीच आहे : तिथून उतरायचं तर आधी अंधारात बातल आणि मग तेच नाले, नाहीतर काझ्याला जायला कुंझुम चढायचा. मेडिकलमध्ये मिळणारे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांचा धीर देतात, उपचार नव्हे.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी आहे का, बीपीची गोळी कुठली, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मुलाच्या बाबतीत अडचण ही की लहान मुलं 'डोकं दुखतंय' नीट सांगत नाहीत. जेवण टाकलं, चिडचिड वाढली तर उंचीचाच संशय आधी घ्या, 'दमलाय' म्हणून सोडू नका.

घोडबंदरचा सारथी

डॉक्टरांना +१. मोगराताई, तुमच्यासाठी शिमल्याकडून जाणं योग्य. शिमला, नारकंडा, कल्पा, मग नाको किंवा ताबो, मग काझा. उंची हळूहळू वाढते. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा आहे, सासूबाईंना तिथे निवांत बसता येईल. भारतीयांना या रस्त्याला इनर लाइन परवाना (सीमेजवळच्या भागासाठीचा) लागत नाही. काझ्याला पोचेपर्यंत सगळ्यांची शरीरं रुळलेली असतात, मग कीचा मठ, किब्बर गाव, हिक्किमचं पोस्ट ऑफिस दिवसा बघून रात्री काझ्यातच.

मोगरा ४३

म्हणजे कुंझुम शेवटी, उलटा? मग नाले दुपारी नाही का येणार?

घोडबंदरचा सारथी

नेमका प्रश्न. काझ्याहून सकाळी आठला आरामात नाश्ता करून निघणारे बातलला दुपारी पोचतात, आणि पाणी सगळ्यात जास्त असतं तेव्हा नाल्यांत. म्हणून काझ्याहून एका दमात मनाली करायची नाही. आदल्या रात्री लोसरला राहा. लोसर ते कुंझुम १९ किमी, तिथून बातल १२च्या आसपास. पहाटे पाचला निघालात तर ऊन डोक्यावर यायच्या आत छतरू गाठता येतं. रुळलेल्या शरीराने चंद्रतालला मुक्काम केलात तरी निघायची वेळ तीच. कुंझुमच्या देवीला गाडीची प्रदक्षिणा घालून पुढे जायची पद्धत आहे, पाच मिनिटं जातात, जाऊ द्यात.

बाष्प

रबाळ्याला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, त्यामुळे आकड्यांवर बोलतो.

मोगराताईंची गाडी टर्बोशिवाय. ४५०० मीटरवर हवेची घनता समुत्राच्या, सॉरी, समुद्राच्या पातळीच्या सुमारे ६३ टक्के. म्हणजे शंभर अश्वशक्तीच्या इंजिनकडे तिथे साठ-पासष्ट उरतात. बंद पडल्यासारखी वाटली तर गाडी बिघडलेली नाही, हवा कमी आहे. पहिल्या गिअरमध्ये राहा, एसी बंद ठेवा, चढावर थांबू नका. सामान निम्मं करा, त्याचा फरक कुठल्याही ॲक्सेसरीपेक्षा जास्त पडतो. टर्बोवाल्यांना एवढी घट जाणवत नाही, पण कमी आरपीएमला टर्बो जागा व्हायला जास्त वेळ घेतो.

आता टायर. प्रेशर गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत आकडा दाखवतो. वर बाहेरचा दाब कमी, म्हणून आतली हवा तेवढीच असून आकडा वाढतो. ठाण्यात ३२ अंशांना ३३ पीएसआय भरून निघालात तर ४५०० मीटरवर २० अंशांना तोच टायर ३७च्या पुढे दाखवेल. पहाटे ५ अंशांना ३५. धोंड्यांवर एवढा कडक टायर उड्या मारतो आणि कापला जातो. ग्रामफूच्या, किंवा उलट येताना लोसरच्या, अलीकडे थंड टायर मोजून २६च्या आसपास आणा. त्याच्या फार खाली नको, धोंड्यावर रिम वाकते आणि साइडवॉल (टायरची बाजू) कापली तर पंक्चरवालाही काही करू शकत नाही. डांबर लागलं की पुन्हा भरायचं, त्यासाठी बारा व्होल्टचा पंप जवळ हवाच.

कोपरीकर

बाष्पसाहेब, भारी. वेफर्सची पाकिटं वर गेल्यावर का फुगतात ते आज नीट कळलं.

माझी बीएस सिक्स डिझेल आहे. डीपीएफचं काय?

बाष्प

डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला एक्झॉस्ट गरम लागतो, म्हणजे काही वेळ एकसारखा वेग. पाच तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ते होत नाही. म्हणून कच्च्याला लागायच्या आदल्या दिवशी हायवेवर मोठी सलग दौड झालेली बरी. दिवा लागलाच तर घाबरून इंजिन बंद-चालू करत बसू नका, कच्चा संपून रस्ता मोकळा मिळाला की आरपीएम जरा वर ठेवून चालवा. गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लागत असेल तर चंदीगडच्या आसपासच टाकी भरून घ्या.

उनाड

आणि पेट्रोल?

घोडबंदरचा सारथी

मनालीत फुल करा, पुढचा भरवशाचा पंप काझ्याला. अंतर जेमतेम २०० किमी, पण कच्च्यावर ॲव्हरेज पार बसतं. एका टाकीत आरामात होतं, प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल नेण्याचा उद्योग करू नका. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. आणि रस्ता चालू आहे का हे हॉटेलवाल्याला नको, लाहौल-स्पिती पोलिसांच्या सोशल मीडियावर बघा, ते नियमित टाकतात. कुंझुम साधारण नोव्हेंबर ते मे-जून बर्फामुळे बंद असतो.

ऐरोली नाका

एक राहिलं. समोरून ट्रक किंवा बस आली तर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, नियमच आहे तो. पण तिथे नियमापेक्षा ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे यायचं, हा व्यवहार. आणि आपल्यापैकी किती जणांना पन्नास मीटर उतारावर रिव्हर्स येतो? नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर त्याची गरज पडत नाही. कॅमेऱ्यावर धूळ बसली की तोही आंधळा. जाण्याआधी मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या गावाच्या कच्च्या रस्त्यावर रिकाम्या वेळी सराव करा. बाहेर एकजण उभा, खुणा त्यानेच करायच्या, बाकीच्यांनी तोंड बंद. चार माणसं एकदम 'येऊ दे येऊ दे' ओरडायला लागली की गाडी हमखास खड्ड्यात.

उनाड

येऊरला का नको? जवळ पडतं.

ऐरोली नाका

ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे बाबा. नाक्यावरच अडवतील आणि बरोबर करतील.

जुना डिझेलवाला

तयारीत एक गोष्ट पैसे खर्चून करण्यासारखी : इंजिनखालची पत्र्याची जाड प्लेट. कंपनीची प्लास्टिकची असते ती धूळ अडवायला, धोंडा नाही. तुर्भ्याला ट्रकच्या कामाच्या गल्ल्यांत बनवून मिळते, फक्त ऑइल बदलायला भोक ठेवायला सांगा, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला अख्खी उतरवावी लागते. टो हुक (गाडी ओढायचा आकडा) कुठे लागतो ते घरीच लावून बघा. ओढायला पट्टा हवा, दोरी नको. बुल बार, छतावरचे दिवे यांवर उधळू नका, पहाटे निघणाऱ्याला दिवे कशाला.

एअर फिल्टर नवा टाका, जुना पिशवीत ठेवा. तिथल्या धुळीने नवा दोन दिवसांत करडा होतो, तेव्हा जुनाही झटकून चालतो.

मोगरा ४३

सगळ्यांचे आभार. घरी चर्चा झाली. शिमल्याकडून जायचं ठरलं. सासूबाईंचं म्हणणं, काझ्यापर्यंत त्या ठीक असल्या तर कुंझुम त्या बघणारच, देवी आहे म्हणाल्या तर नाही कसं म्हणायचं. डॉक्टर, काझ्यात दोन रात्री पुरतील?

डॉ खारघर

तोवर वाटेतले मुक्काम झालेले असतील तर पुरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं जेवण-झोप ठीक आहे ना आणि सपाटीवर बोलत चालताना धाप लागत नाही ना, एवढं बघा. शंका वाटली तर काझ्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि आल्या रस्त्याने परत. चंद्रतालला मुक्काम मात्र त्यांच्यासह नको. लोसरला राहा, कुंझुमवर दर्शन घ्या, उतरत राहा.

कोपरीकर

ठाण्यातून किती वाजता निघायचं? गुजरातमार्गेच ना?

घोडबंदरचा सारथी

हो, घोडबंदरने वसई खाडीचा पूल, मग सुरत, बडोदा, उदयपूरकडून वर. मनालीपर्यंत १९०० किमीच्या आसपास होतात. पहाटे चारच्या आत घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट पार करा, नाहीतर ट्रॅफिकमध्ये अडकाल. सगळा हिमालय वेळेत होतो, अडतो तो गायमुखला. नवी मुंबईकरांनी तर अर्धा तास आणखी आधी.

मोगरा ४३

म्हणजे नेरूळहून पावणेतीन. मुलाला मागच्या सीटवर झोपलेलाच उचलून ठेवते. पत्र्याच्या प्लेटसाठी तुर्भ्याला शनिवारी जातोय. काका, भोक किती मोठं सांगायचं?

जुना डिझेलवाला

ड्रेन बोल्टला पाना लागून फिरला पाहिजे आणि ऑइल प्लेटवर न सांडता खाली आलं पाहिजे. चार इंच सांग. ऑइल फिल्टर खालून असेल तर त्यालाही वेगळं. आणि प्लेट सायलेन्सरला चिकटू देऊ नकोस, बोटभर फट हवी, नाहीतर मनालीपर्यंत खडखडाट ऐकत जाशील.